नाव नसलेली वस्तू

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लश्कर भागात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा वेळी माझ्या भावाची मुलं चिन्मय आणि सई, आणि समोरच्या घरातला ओम, असे तिघं आमच्या माजघरात जमतात. कूलर लावायचा, फरशीवर चटई टाकायची आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत, फासे टाकत खेळायचा खेळ मांडायचा. जग मी उभं करते, राक्षस आणि राजे माझे. त्या जगात काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. तीन उन्हाळे हे चाललं आहे आणि वर्षभर मी या दुपारची वाट बघते.

मागच्या वर्षी माझी एक मोठी चूक झाली. बुडालेल्या किल्ल्याच्या तळघरात मी एक रिव्हॉल्व्हर ठेवलं. तलवारी आणि मंत्रांच्या जगात अशी वस्तू सापडली की मुलं थक्क होतील, असं वाटलं होतं. मी म्हटलं, "पेटीत एक रिव्हॉल्व्हर आहे." ओमने लगेच विचारलं, "आत्या, गोळ्या किती?"

तिथेच सगळं बिघडलं. पुढचे तीन दिवस कोणी दरवानाशी बोललं नाही, कोणी कोडं सोडवलं नाही. नुसता गोळ्यांचा हिशेब. सई एरवी प्रत्येक राक्षसाला आधी त्याचं नाव विचारते. तीसुद्धा गप्प बसू लागली. मला फार लागलं ते.

जुन्या काळाच्या जगात यंत्रं आणूच नयेत, त्याने जग मोडतं, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. हा खेळ छापून आला 1974 साली, आणि पुढच्याच वर्षी, खेळाच्या दोघा जनकांपैकी एक असलेल्या डेव्ह आर्नेसनच्या ब्लॅकमूर पुस्तिकेत बेडकांच्या देवळात परक्या जगातून आलेली यंत्रं होती. दुसरा जनक गॅरी गायगॅक्स, त्याचा डॉन के नावाचा लहानपणापासूनचा मित्र होता. त्याला काउबॉयचं वेड होतं, म्हणून खेळातला त्याचा मर्लिंड हा जादूगार कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा. 1975 च्या सुरुवातीलाच डॉन के गेला. त्याच वर्षी निघालेला काउबॉयांचा खेळ, बूट हिल, त्याच्या मित्रांनी त्यालाच अर्पण केला. मित्राच्या आवडीची वस्तू आपल्या जगात राहू देणं, यात मला जग मोडल्यासारखं काही दिसत नाही. उलट जीव लावल्यासारखं वाटतं.

मग माझं कुठे चुकलं? ते मला 1980 च्या 'एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स' या खेळाच्या साहसकथेच्या पुस्तिकेमुळे उमगलं. हीसुद्धा गायगॅक्सचीच. डोंगरात एक अंतराळयान कोसळलेलं आहे आणि तलवारी घेतलेले वीर ती गुहा समजून आत शिरतात. सोबत चित्रांची एक वेगळी पुस्तिका दिलेली आहे. वस्तू सापडली की खेळ चालवणाऱ्याने नाव सांगायचं नाही, चित्र दाखवायचं. खेळणाऱ्याने आपल्या डोक्याने ताडायचं की ही नळी कोणत्या बाजूने धरायची. मी 'रिव्हॉल्व्हर' म्हटलं आणि ताडण्यासारखं काही उरलंच नाही.

म्हणून यंदा आजोबांचं कपाट उघडलं. चामड्याच्या डबीत त्यांचा लाइट मीटर आहे, फोटो काढण्याआधी उजेड मोजायचा. तळहातात मावणारा, काळा, समोर मधाच्या पोळ्यासारखी घरं असलेली काच, आणि वरच्या खिडकीत केसासारखा बारीक काटा. याला बॅटरी लागत नाही. काचेमागे सेलेनियमचा थर असतो. त्यावर उजेड पडला की तिथेच किंचित वीज तयार होते आणि काटा सरकतो. इतक्या वर्षांनंतरही तो सरकतो.

डबी चटईवर ठेवली आणि एवढंच म्हटलं, "मेलेल्या साधूच्या झोळीत हे होतं."

तिघांनीही असं काही पाहिलेलं नव्हतं. सई ते घेऊन खिडकीपाशी गेली, काटा सरसर उजवीकडे धावला. पलंगाखाली धरलं, काटा पडला. ती हळूच म्हणाली, "आत्या, हे जिंदा आहे." चिन्मयच्या मते ते अंधाराला घाबरत होतं. ओम काही बोलेना. काचेवर तळवा ठेवायचा, उचलायचा, परत ठेवायचा. किती तरी वेळ त्याचं तेच चाललं होतं. खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकात परक्या यंत्रांसाठी एक छान तक्ता आहे. साधी वस्तू समजायला बुद्धीच्या फाशावर दोनदा यश यावं लागतं, गुंतागुंतीचीला चारदा. मी दोन धरले होते, पण फासे टाकायला सांगायचं मला सुचलंच नाही, इतकी ती मुलं त्यात शिरली होती.

तीन दिवसांनी ती मायावी राणीच्या दालनात पोचली. शंभर समया तेवत आहेत, असं मी वर्णन केलं. चिन्मय पुढे निघाला. ओमने त्याचा हात धरला आणि मला विचारलं, "काटा कुठे आहे?"

काटा शून्यावर होता.

"दिवे खोटे आहेत," ओम म्हणाला. "उजेड आपल्याला दिसतोय, याला दिसत नाही."

हा तोच ओम, ज्याने गोळ्या मोजल्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला.

आता मला प्रत्येक खेळात हेच दिसतं. 1999 मध्ये हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक या संगणकावरच्या खेळाच्या तिसऱ्या भागाला 'फोर्ज' नावाचं यंत्रांचं अख्खं शहर जोडायचं ठरलं होतं. चाहत्यांनी इतका विरोध केला की ते रद्द होऊन कॉन्फ्लक्स नावाचं दुसरंच शहर आलं. खरं तर त्या मालिकेच्या कथेत अंतराळातले प्राचीन लोक आधीपासून आहेत, तेव्हा 'आमच्या जगात हे बसत नाही' ही तक्रार चुकीचीच होती. पण कारखान्यातून रांगेने बाहेर पडणाऱ्या वस्तूचं नवल कोणाला राहणार? व्हिडिओ गेममधल्या दुकानात पैसे टाकून विकत मिळणाऱ्या, दुसऱ्या खेळातल्या पोशाखांबद्दलही मला हेच वाटतं. वस्तू एकच हवी. ती कोणाची तरी असायला हवी.

आणि ग्वाल्हेरच्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. जयविलासच्या भोजनगृहात पाहा. राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर रूळ, रुळांवर विजेवर चालणारी चांदीची आगगाडी, सात डबे आणि त्यांवर सिंदिया या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर. जेवणानंतर मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरायची, आणि सुरई उचलली की थांबायची. मी लहानपणापासून ती पाहिली आहे, पण वस्तू म्हणून तिच्याकडे नीट बघितलं ते यंदाच, मुलांना घेऊन गेले तेव्हा.

सई दोरीला टेकून बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं, "आत्या, बाटली उचलली हे तिला कळतं कसं?"

कारण सांगता आलं असतं. नाही सांगितलं. घरी आल्यावर दिवाळीच्या सुट्टीसाठी वहीत लिहून ठेवलं: लांब टेबल. त्यावर दोन चकाकत्या रेघा, कडेकडेने फिरून पुन्हा पहिल्या जागी येणाऱ्या. रेघांवरून चांदीचं काहीतरी येतं, पाठीवर काचेच्या कुप्या. कुपी उचलली की थांबतं. परत ठेवली की चालू लागतं.