अठ्ठ्याण्णव डॉलरचा प्लेअर

२ नोव्हेंबर २००७चा शुक्रवार. न्यू जर्सीतल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी तेव्हा टीव्ही-व्हिडिओ विभागात विक्रीचं काम करत होतो. आदल्या रात्री मॅनेजरने आम्हाला थांबवून घेतलं. वॉलमार्ट उद्या सकाळी तोशिबाचा एचडी-ए२ हा एचडी डीव्हीडी प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटला काढणार, आपणही शंभराच्या आत द्यायचा, गोदामात असेल नसेल तेवढा माल पुढे आणा, एवढंच तो बोलला. आम्ही खोकी वाहिली, जुनी लेबलं काढून नवी लावली आणि घरी जायला मध्यरात्र झाली.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीव्हीडीनंतर काय, यावरून तेव्हा दोन तट पडले होते. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरीकडे सोनी आणि तिच्या साथीदारांची ब्लू-रे. दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर, दोन्हींचं चित्र तितकंच देखणं. पण याची डिस्क त्याच्या प्लेअरमध्ये चालायची नाही. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीच्या थरात १५. मात्र एचडी डीव्हीडीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत असल्याने डीव्हीडी छापायच्या यंत्रांवरच, थोडे फेरफार करून, ती छापता यायची. ब्लू-रेचा थर लेसरच्या बाजूच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर, तिला नवी यंत्रं हवीत, वरून ओरखडे न पडणारा कडक लेप हवा. एप्रिल २००६मध्ये तोशिबाचा पहिला प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला आणि जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ला. स्वस्ताईत एचडी डीव्हीडी पहिल्यापासूनच पुढे होती.

सकाळी दार उघडलं तेव्हा बाहेर माणसं उभी होती. सरळ आत येऊन खोकी उचलायला लागली. कोणी एक घेतलं, कोणी दोन. एकाने भावासाठी म्हणून तिसरं घेतलं. बऱ्याच जणांना एचडी डीव्हीडी म्हणजे काय ते ठाऊकही नव्हतं. शंभराच्या आत तोशिबाचा प्लेअर, वर पाच सिनेमे टपालाने फुकट, आणि साध्या डीव्हीडीही यात आधीपेक्षा स्पष्ट दिसतात, एवढ्यावर लोक खूश होते. शेवटची गोष्ट खरी होती. तो प्लेअर जुन्या डीव्हीडीचं चित्र १०८०आय या एचडी दर्जापर्यंत चढवून छान दाखवायचा. मी गिऱ्हाइकांना तेच सांगत होतो: चांगला डीव्हीडी प्लेअर म्हणून घ्या, त्यात नुकसान नाही. युद्ध कोण जिंकेल हे विचारलं तर मात्र मी हातचं राखून बोलत होतो.

त्याचं कारण पलीकडच्या रांगेत होतं. त्याच दिवशी, त्याच सकाळी, सोनीचा ४० जीबीचा प्लेस्टेशन ३ अमेरिकेत विक्रीला आला होता, ३९९ डॉलरला. वर्षभरापूर्वी या गेमच्या यंत्राची दोन मॉडेलं ४९९ आणि ५९९ला होती. त्या रांगेत गडबड नव्हती, पण माल सतत हलत होता. आई-बापांना ओढत आणलेली पोरं गेम खेळायला ते खोकं घेऊन जात होती आणि त्या खोक्यातून प्रत्येक घरात एकेक ब्लू-रे प्लेअर चालला होता. आपण ब्लू-रे विकत घेतोय असं त्या घरांना वाटतही नव्हतं. एका रांगेत शंभराच्या आतलं, दुसऱ्या रांगेत चारशेचं. मी दोन्हींच्या मध्ये उभा होतो आणि मला सारखा लॅमिंग्टन रोड आठवत होता.

अमेरिकेला येण्याआधी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दुरुस्तीचं काम करायचो. व्हीसीडी, म्हणजे सिनेमा भरलेली सीडी, कशी पसरली ते मी तिथे हाताने काम करत पाहिलं. व्हीसीडीचा मसुदा १९९३ साली फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता यांनी ठरवला, पण जपान आणि अमेरिकेने तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. उचलली ती चीनने. हफेईच्या वानयान कंपनीने पहिला प्लेअर काढला आणि पाठोपाठ कारखान्यांची रीघ लागली. आत होतं तरी काय? सीडीचीच लेन्स, दाबून साठवलेलं चित्र उलगडणारी एक एमपेग डिकोडरची चिप, पॉवर सप्लाय आणि पत्र्याची पेटी. सुटे भाग ज्याला मिळतील त्याने बनवावा.

मुंबईत तर पेटीचीही गरज नव्हती. घरात साधा सीडी प्लेअर असेल तर त्यात बसवायचं डिकोडर कार्ड आमच्याकडे सुटं मिळायचं. झाकण उघडायचं, डिस्क फिरवणाऱ्या सर्व्हो बोर्डवरून डेटा, बिट क्लॉक आणि एलआर क्लॉकच्या तीन तारा काढायच्या, कार्डाला रंगाप्रमाणे टाके मारायचे, मागच्या पत्र्याला भोक पाडून व्हिडिओची जॅक बसवायची. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि न थरथरणारा हात एवढं भांडवल. पहिल्यांदा टीव्हीवर चित्र आलं की गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून जवळ यायचं. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, मारामारीच्या दृश्यात चौकटी चौकटी दिसायच्या आणि सिनेमाच्या मध्येच उठून दुसरी सीडी लावायला लागायची. तरीही व्हीएचएस त्यापुढे टिकली नाही. डीव्हीडी आली तरी कितीतरी वर्षं गावोगावच्या दुकानांत व्हीसीडीच भाड्याने जात होती.

तिथे प्लेअर आणि डिस्क दोन्ही स्वस्त होते. डिस्क कोणीही छापायचं, रीतसर छापणारेही आणि चोरटेही. चोरट्यांचं कौतुक मी करणार नाही, त्यांनी कितीतरी निर्मात्यांच्या पोटावर पाय दिला. पण प्लेअर घरी नेला आणि लावायला सिनेमा नाही, असं मुंबईत कोणाच्याही वाट्याला आलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं मिळायचं.

न्यू जर्सीत त्या दिवशी नेमकी तीच अडचण होती. स्वस्त प्लेअरच्या रांगेला लागूनच डिस्कचं कपाट होतं आणि गिऱ्हाईक खोकं हातात घेऊन तिकडे वळलं की मला उत्तरं द्यावी लागत. डिस्नेचे सिनेमे? ते ब्लू-रेवरच. फॉक्सचे? तेही. सोनीचे अर्थातच. एचडी डीव्हीडीवर युनिव्हर्सल, ऑगस्टपासून पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स. वॉर्नर दोन्हीकडे. लहान मुलांची आई डिस्नेचं नाव ऐकून खोकं परत रांगेत ठेवायची. हे त्या सकाळी माझ्या डोळ्यांदेखत वारंवार घडलं. हॉलिवूडच्या स्टुडिओचा करार कारखान्यात तयार होत नाही. आणि एएसीएस या कॉपी रोखणाऱ्या कुलुपामुळे परवान्याशिवाय कोणी छापखानाही काढू शकत नव्हतं.

दुपारी एक ओळखीचा माणूस आला. चीनमध्ये बनवून घेतलेले स्वस्त डीव्हीडी प्लेअर अमेरिकेतल्या दुकानांना पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा तो प्रतिनिधी. आमच्या शेल्फवर आपला माल कसा मांडलाय ते पाहायला तो अधूनमधून यायचा. त्याची कंपनी नाताळच्या हंगामात एचडी डीव्हीडी प्लेअर उतरवायच्या विचारात होती, किंमत १९९ डॉलरच्या आसपास. तो तोशिबाच्या लेबलासमोर उभा राहिला, बोटाने आकडा चाचपला आणि मला म्हणाला, “याच्याखाली मी काय विकू?”

त्या दिवसभरात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या प्रश्नाने. चिनी कारखान्यांनी डीव्हीडी स्वस्त केली तेव्हा ते एकमेकांशी लढत होते. २००३मध्ये थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे मोठ्या सेलच्या दिवशी, इथे २९ डॉलरचा डीव्हीडी प्लेअर मिळत होता. त्यातून पेटंटवाल्या कंपन्यांच्या दोन गटांचे पैसे वेगळे जात, थ्रीसी गटाला प्लेअरमागे ५ डॉलर आणि सिक्ससी गटाला ४. कारखान्याच्या हातात उरायचं किती, हा हिशेब शाळकरी पोरगंही करेल. याच जाचाला कंटाळून चीनने त्याच वर्षी स्वतःचा ईव्हीडी नावाचा डिस्कचा प्रकार आणला होता आणि आता एचडी डीव्हीडीच्या पायावर आपली वेगळी डिस्क उभी करायची तयारी चालवली होती. म्हणजे कारखाने तयार होते, मनुष्यबळ तयार होतं, डीव्हीडीची छापयंत्रं तर गल्लोगल्ली होती. एचडी डीव्हीडीला चीनकडून जी मदत मिळायची तिची वेळ अजून यायची होती.

पण तोशिबाने तेवढा धीर धरला नाही. पहिला एचडी-ए१ म्हणजे खरं तर एक संगणकच होता, आत पेंटियम ४ आणि एक जीबी मेमरी. आयसप्लाय या संस्थेने तो खोलून सुट्या भागांची बेरीज केली ती ६७४ डॉलर, आणि विक्री ४९९ला. पुढचे प्लेअर बरेच स्वस्तात बनू लागले असणार, पण ९८ डॉलर ही कारखान्यातून आलेली किंमत नव्हती. ती एका कंपनीने बाजार काबीज करायला स्वतःच्या खिशातून भरलेली किंमत होती. रस्त्यात एकाच श्रीमंताने फुकट जेवणाची पंगत मांडली तर शेजारचे खानावळवाले चूल पेटवत नाहीत, तसं झालं. दहा कारखाने नफ्यासाठी धडपडले की स्वस्ताई टिकते, कारण उद्या एकाने पाय काढला तरी नऊ उरतात. तोशिबाच्या स्वस्ताईमागे तोशिबाशिवाय कोणी उभंच राहू शकत नव्हतं. तो प्रतिनिधी चहाचा कागदी पेला हातात घेऊन बराच वेळ कोणाशी तरी फोनवर बोलत होता. पुढे त्याचा तो प्लेअर आमच्या दुकानात कधी आला नाही.

ब्लू-रेकडे उलट होतं. सॅमसंग, पॅनासॉनिक, पायोनिअर, शार्प, फिलिप्स, सगळे आपापला प्लेअर विकत होते, महाग विकत होते, पण विकून चार पैसे मिळवत होते. दुकानदारालाही त्यात कमाई होती. तोटा सहन करणारी एकटी सोनी, तोही गेमच्या यंत्रात, आणि तो गेमच्या विक्रीतून भरून काढायची सोय तिच्याकडे होती.

संध्याकाळी न्यू जर्सीतल्याच एडिसनहून एक मराठी जोडपं आलं. माझं मराठी नाव छातीवरच्या पट्टीवर वाचून काका थेट मराठीतच म्हणाले, “घ्यावा का हो हा? एवढा स्वस्त आहे.” काकूंचा प्रश्न अधिक नेमका होता. पुण्याहून बहिणीने नाटकांच्या व्हीसीडी आणि मराठी सिनेमांच्या डीव्हीडी पाठवल्यात, त्या लागतील का? मी विचारलं, सध्या कशावर बघता? त्यांच्याकडे एक चिनी बनावटीचा चाळीसेक डॉलरचा प्लेअर होता. त्यात सगळं चालायचं, भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीची डिस्क, कुठल्याही रीजनची, म्हणजे जगाच्या कुठल्याही विभागासाठी काढलेली डीव्हीडी, व्हीसीडी, अगदी कॉम्प्युटरवर कॉपी केलेली सीडीसुद्धा. परदेशातल्या मराठी घरांत असे प्लेअर मी कितीतरी पाहिलेत. कारखान्याने सगळ्या जगात एकच बोर्ड पाठवायचा म्हणून त्यात सगळ्यांची सोय केलेली असायची, आणि नाटकवेड्या माणसांची त्यावर चैन व्हायची. तोशिबाचा अमेरिकी प्लेअर डीव्हीडीच्या बाबतीत रीजन एकला आणि एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीला बांधलेला. मी म्हटलं, “काकू, जुना टाकू नका. हा घेतलात तर फक्त इथल्या डीव्हीडींसाठी घ्या.” त्यांनी घेतला नाही. त्याच सुमारास भारतात मोझर बेअर ही कंपनी २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला लागली होती. काकूंच्या बहिणीकडून आता पार्सलं वाढणार होती.

रात्री दुकान बंद करताना एचडी-ए२चं एकही खोकं उरलं नव्हतं. मॅनेजरने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. मला आनंद झाला आणि काळजीही वाटली, कारण त्या गर्दीतल्या बहुतेकांनी प्लेअरबरोबर एकही एचडी डीव्हीडी घेतली नव्हती. फुकटच्या पाच मिळणार होत्या ना. स्टुडिओ मोजतात ते डिस्कची विक्री.

पुढचं झपाट्याने झालं. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली. १५ फेब्रुवारीला खुद्द वॉलमार्टने यापुढे फक्त ब्लू-रे विकणार असं सांगितलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केली. आमच्या काउंटरवर त्यानंतर आठवडेच्या आठवडे खोकी परत घेऊन येणारी माणसं होती. काहींची पावती मुदतीत होती, काहींची नव्हती. ज्यांची नव्हती त्यांच्याशी बोलणं फार जड जायचं. पोटाला चिमटा काढून घेतलेली वस्तू होती काहींची, आणि त्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. मी त्यांना प्लेअर घरी कसा जोडायचा, साध्या डीव्हीडीचं चित्र कसं चांगलं करायचं ते कागदावर लिहून द्यायचो.

२००९च्या ऑगस्टमध्ये तोशिबाने स्वतः ब्लू-रे गटात जायचं ठरवलं. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी वॉलमार्टने मॅग्नाव्हॉक्सचा ब्लू-रे प्लेअर ७८ डॉलरला काढला. तोवर सगळे स्टुडिओ एकाच बाजूला आले होते आणि प्लेअर बनवणारेही पुष्कळ झाले होते. एडिसनच्या काकांनी ब्लू-रे प्लेअर घेतला आणि मला फोन करून विचारलं की जुना चिनी प्लेअर आता काढून टाकू का. मी सांगितलं, टीव्हीच्या दुसऱ्या इनपुटला लावून ठेवा. ब्लू-रेत भारताचा रीजन सी आहे आणि अमेरिकेचा ए, पुण्याहून येणाऱ्या डिस्कचं याला वावडं निघू शकतं.