पंप भरण्याआधी मी आता फूल पाहते

पेटीवाल्या काकांचा फोन आला तेव्हा मी ठिबकच्या नळ्या सरळ करत होते. "ताई, जरा पेट्यांपाशी येता का?" एवढंच म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी घाबरले.

कलिंगडाच्या कडेला त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. प्रत्येक पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. काही अजून जिवंत होत्या, पण त्यांना उडता येत नव्हतं. पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. काकांनी एक तळहातावर घेतली आणि तिची बाहेर आलेली सोंड दाखवली. विषबाधेनं मेलेल्या माशीची सोंड बऱ्याचदा अशीच बाहेर राहते, म्हणाले. भरलेल्या पेटीत रोज शंभरभर माश्या वयानं मरतातच आणि घरातल्या माश्या त्यांना उचलून लांब नेऊन टाकतात. हा ढीग त्यांना उचलवणारा नव्हता. काकांनी विचारलं, "काल काय मारलं होतं?"

काल सकाळी आठ वाजता मी थायामेथोक्झाम आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही दोन कीटकनाशकं एकत्र असलेलं तयार औषध मारलं होतं. मावा आणि फुलकिडे दिसत होते. भुरीची सुरुवात होती म्हणून त्याच टाकीत ट्रायझोल गटातलं बुरशीनाशक टाकलं, एका फेरीत काम व्हावं म्हणून. आठ वाजता कलिंगडाचं फूल पूर्ण उघडलेलं असतं हे मला ठाऊक होतं. रोज बघत होते. पण फवारणीची वेळ मी कायम वारा आणि ऊन पाहून ठरवत आले होते. सकाळी वारा पडलेला असतो, पानाला चटका बसत नाही. त्या हिशोबात फूल कधीच आलं नव्हतं.

काकांनी त्याच रात्री पेट्या हलवल्या. तीनेक किलोमीटरच्या आत हलवलं तर कामावर जाणाऱ्या माश्या जुन्याच जागी परत येतात, म्हणून त्यांना बरंच लांब जावं लागलं. भरपाई मागितली नाही, पण पुढच्या हंगामाचं बोलणंही काढलं नाही.

पुढचे दोन आठवडे शेतानंही मला उत्तर दिलं. कलिंगडाच्या मादी फुलाची मुखं तीन, आणि परागकण तिन्हीवर नीट पडावे लागतात. त्यासाठी माशीनं एकाच फुलाला आठ-दहा वेळा तरी यावं लागतं, तेही एकाच सकाळी, कारण दुपारी मिटलेलं फूल पुन्हा उघडत नाही. माझ्या वेलांवर त्या दिवसांत बरीच मादी फुलं पिवळी पडून गळाली. जी धरली त्यांतली कितीतरी एका बाजूनं फुगलेली, दुसऱ्या बाजूनं बसलेली. आधी मला ही खताची कमतरता वाटायची.

मग मी बाटलीवरचं लेबल वाचायला बसले. इतकी वर्षं मी त्यातलं प्रमाण तेवढं वाचत होते. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: मधमाश्यांना विषारी, फुलोऱ्यात फवारू नये. विषारी म्हणजे किती, हे शोधायला थोडे दिवस गेले. ज्या मात्रेनं निम्म्या माश्या मरतात ती एका माशीमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते रसायन 'अतिविषारी' धरतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. थायामेथोक्झाम पोटात गेलं तर ही मात्रा ०.००५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. तो आकडा मी वहीत तीनदा लिहिला, शून्यं चुकली तर नाहीत ना म्हणून.

ते औषध आंतरप्रवाही आहे हे मला माहीत होतं, उलट त्यासाठीच घेतलं होतं. मुळातून चढतं, पानापानात पोचतं, मावा रस शोषतो आणि मरतो. पण जे पानात पोचतं ते मधुरसात आणि परागातही पोचतं, हा पुढचा पाय माझ्या डोक्यानं कधी टाकलाच नव्हता. रोपं लावल्यावर मी तेच औषध ठिबकमधूनही सोडलं होतं. वेलीच्या आत त्याचं रूपांतर क्लोथियानिडिन या दुसऱ्या कीटकनाशकात होतं, तेही तितकंच जहाल. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली माश्यांच्या पाठीवर इवल्या इलेक्ट्रॉनिक चकत्या चिकटवून पाहिलं होतं: थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा घेतलेल्या बऱ्याच माश्या पेटीकडे परतल्याच नाहीत. काका फवारणीच्या आधीपासूनच म्हणत होते की पेट्या हलक्या लागतायत आणि मेलेल्या माश्या तर दिसत नाहीत. ते मला तेव्हा कळलं. युरोपीय संघानं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो याच कारणानं.

बुरशीनाशकाबद्दल मी निर्धास्त होते, कारण ते किड्यांसाठी नसतंच. पण माशीच्या शरीरात विष मोडणारी विकरं असतात आणि ट्रायझोल त्यांनाच अडवतं. मग लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक तिला एरवीपेक्षा जास्त बाधतं. तेव्हापासून भुरीचं आणि किडीचं औषध मी कधीच एका टाकीत घालत नाही. फेरी वाढते. वाढू दे.

पुढच्या हंगामात पहिला बदल केला तो वेळेत नाही, फवारण्यांच्या संख्येत. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावले, आठवड्यातून दोनदा पानं उलटून मोजणी केली आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीच्या, म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल इतक्या नुकसानीच्या, खाली असेपर्यंत पंपाला हात लावला नाही. हे लिहायला सोपं आहे; मावा दिसत असताना शांत बसणं मला फार जड गेलं. पण मावा खाणारे ढालकिडे आले आणि काही भागात त्यांनीच काम केलं.

ठिबकमधून आंतरप्रवाही औषध सोडणं बंद केलं. फवारावंच लागलं तर संध्याकाळी, कलिंगडाची फुलं मिटल्यावर आणि माश्या घरी गेल्यावर. त्यातही औषध निवडावं लागतं. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन संध्याकाळी मारलं तरी दुसऱ्या सकाळी पानावर विषारीच असतं. स्पिनोसॅड ओलं असताना माशीला घातक, पण वाळल्यावर धोका बराच कमी होतो आणि वाळायला रात्र मिळते. भुकटीच्या स्वरूपातली औषधं फुलोऱ्यात नकोतच, कारण ते कण परागासारखे माशीच्या अंगाला चिकटून पेटीत जातात. फवारणीआधी ओळींमधलं फुललेलं तणही कापून घ्यायला लागले. पिकाची फुलं मिटलेली असली तरी तणाची उघडी असतात.

आणि तरीही मी चुकले. 'संध्याकाळी फवारायचं' हा नियम मी पाठ केला आणि दुधीच्या मांडवालाही लावला. फळधारणा घसरली. कलिंगडात माश्या गुणगुणत होत्या आणि दुधी रिकामा. शेवटी एका संध्याकाळी पंप न घेता मांडवाखाली जाऊन बसले. उजेड कमी होत गेला तशी पांढरी फुलं एकेक करून उघडायला लागली. अंधार पडता पडता मोठे पतंग आले, हवेत एका जागी तरंगत लांब सोंड फुलात घालत. दुधीचं फूल संध्याकाळीच उघडतं, आणि मी रोज नेमक्या त्याच वेळी तिथे विष घेऊन जात होते. दोडक्याचंही तसंच, दिवस कलल्यावर उघडणारं. इतकी वर्षं मांडव माझा, आणि त्यात रात्री कोण राबतं हे मी पाहिलं नव्हतं. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

दुधीत फुलोरा सुरू झाल्यावर कीटकनाशक फवारणं मी सोडून दिलं. जे काय करायचं ते फुलं यायच्या आधी. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे, किडलेली फळं खुडून खोल पुरायची. काही फळं जातात. ती मी धरूनच चालते.

बांधावरच्या मातीत बारीक भोकं होती, कडेला मऊ मातीचा छोटा ढीग. मी त्यांना मुंग्यांची समजत होते. एकदा एका भोकातून पायांना पिवळा पराग लागलेली माशी आत जाताना दिसली. एकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बहुतेक जाती अशाच जमिनीत घर करतात. त्यांची पेटी कुणी रात्री उचलून नेत नाही, त्यांच्यासाठी कुणाचा फोन येत नाही. तो बांध मी आता नांगरत नाही आणि फवारणीचा तुषारही तिकडे जाऊ देत नाही. वारा त्या दिशेनं असेल तर त्या दिवशी काम बंद.

हे सगळं वहीत लिहून मी काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं आणि दोन गोष्टी मागितल्या: फवारणीच्या ४८ तास आधी फोन, आणि पेट्यांजवळ रोज स्वच्छ पाणी, म्हणजे माश्या ठिबकखालच्या डबक्यांवर जाणार नाहीत. पेट्या परत आल्या.

राहिला प्रश्न शेजारच्या शेताचा. माश्या दोन-तीन किलोमीटर सहज जातात, माझा बांध त्यांना दिसत नाही. शेजारचे दादा औषध चोळलेलं मक्याचं बी यंत्रानं पेरतात. जर्मनीत २००८ मध्ये ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात अशाच पेरणीत बियाण्यावरच्या क्लोथियानिडिनची धूळ उडाली आणि ११ हजारांहून जास्त वसाहतींना विषबाधा झाली. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते चिडले. त्यांच्या शेतात काय करायचं ते मी का सांगते, असं म्हणाले. त्यात त्यांचं चूक काय? मी वाद घातला नाही. त्यांना सकाळी कलिंगडात नेलं, एका मादी फुलापाशी उभं केलं आणि येणाऱ्या माश्या मोजायला सांगितलं. अकरा माश्या मोजल्या आणि काही न बोलता गेले.

परवा रात्री त्यांचा फोन आला. "ताई, उद्या मका पेरायचाय. वारा तुमच्याकडं आहे. पेट्या तिथंच आहेत का?"

मी म्हटलं, "दादा, दोन मिनिटं थांबा," आणि काकांचा नंबर लावला.