मसाल्याचा डबा आणि शिराझ

वाइनचा नाद बहुधा गोडापासून लागतो. गोव्याहून कुणीतरी आणलेली ‘पोर्ट’ सरबतासारखी घशाखाली उतरते आणि वाटतं, जमलं आपल्याला. मग कधीतरी पुढ्यात कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड येते. तोंड आकसतं. ‘ही बिघडलीय का?’ असा पहिला प्रश्न पडतो. बिघडलेली नसते. ते टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं. दहा मिनिटं उकळलेल्या कोऱ्या चहाने हिरड्या जशा कोरड्या पडतात, तसंच हे. पांढरी वाइन नुसत्या रसाची, लाल मात्र सालींसकट आंबवलेली, म्हणून हा हिसका लालमध्येच जास्त.

इथे बरेच जण परत फिरतात. जे थांबतात त्यांचं नाक जागं झालेलं असतं, जिभेपेक्षा नाकच कामाचं. पण नाकाला शब्द लागतात, आणि बाटलीमागचे शब्द परक्या बागेतले. ‘गूजबेरी’ म्हणजे आवळा समजून सॉव्हिन्याँ ब्लाँ (पांढऱ्या वाइनचं एक द्राक्ष) हुंगणाऱ्याला आवळा कुठेच सापडत नाही. युरोपातलं ते फळच वेगळं. बिचारा स्वतःच्या नाकाला दोष देतो. त्यापेक्षा हिरवी ढोबळी मिरची चिरून हुंगावी. तिला वास देणारी पायराझिन्स नावाची द्रव्यं या द्राक्षातही असतात. मस्कत नावाच्या सुवासिक द्राक्षाच्या वाइनचा पेला हाती घेण्याआधी धणे चुरडावेत, लिनालूल हे वासाचं द्रव्य दोन्हीकडे आहे. आणि शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षातला मिऱ्याचा वास ही उपमा नव्हेच. रोटुंडोन नावाचा तोच रेणू मिऱ्यातही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो 2008 मध्ये उजेडात आणला. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला तो जाणवतच नाही. तेव्हा जोडीदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एकच पेला फारसं शिकवत नाही, दोन शेजारी ठेवावेत. एकच शिराझ घ्या. एक पेला मे महिन्यातल्या स्वयंपाकघराच्या उकाड्यातला, दुसरा अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटलीतला. पहिल्यात अल्कोहोल नाकाला झोंबेल, फळाचा वास गायब. ‘रेड रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा; त्यांची खोली 16 ते 18 अंशांची, आपली 34 ची. पांढरी 8 ते 12 अंशांवर बरी. त्याहून गार केली की वासच मुका होतो. पेला तिसरा हिस्साच भरावा, न हलवता एकदा हुंगावा, मग गोल फिरवून पुन्हा. शेजारी उदबत्ती नको, लसणाची फोडणी तर नकोच. आणि काचेवरून उतरणारे ओघळ पाहून माना डोलावू नयेत, त्यांचा दर्जाशी संबंध नाही.

बिघाडही हुंगूनच ओळखायचे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा आला तर हवा लागलीय. फळ शिजून जॅम झाल्यासारखं वाटलं आणि बूच वर सरकलेलं दिसलं, तर बाटलीने उन्हाळा माळ्यावर काढला असणार. भेट आलेली साधी पांढरी ‘खास प्रसंगा’साठी चार वर्षं शोकेसमध्ये उभी करणं ही आपल्याकडची हमखास चूक, तशी वाइन बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांतच संपवायची असते.

नाद मुरतो तो तोडणीच्या वेगवेगळ्या वर्षांमुळे. नाशिककडे एप्रिलात वेलाच्या वाढीसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात तोडणी सप्टेंबरच्या आसपास. तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर घड कुजतात, नाहीतर साखर पातळ होते. रेडसाठी 23-24 ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) वाट पाहणाऱ्याला मग 21 वरच तोडावं लागतं आणि वाइन अंगाने हलकी निघते. एकाच बागेच्या लागोपाठ दोन वर्षांच्या वाइन शेजारी ठेवल्या की तो पाऊस पेल्यात सापडतो.

वही ठेवायची असेल तर तोडणीचं वर्ष, तापमान आणि वासाचे तीन शब्द पुरेत. गोडा मसाला, ओली माती, चिंचेचा कोळ, काहीही चालेल. ‘छान’ मात्र लिहू नये. वर्षाने वाचताना त्यातून काहीच कळत नाही.