पत्त्यावरून व्हेरिएबल शोधताना

प्रोग्राम रेंगाळतोय, प्रोफाइलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) एका लूपकडे बोट दाखवतो, आणि त्या लूपच्या एकाच ओळीत चार-पाच गोष्टी वाचल्या जातात. त्यातली नेमकी कुठली सीपीयूला ताटकळत ठेवते, हे कोडवरून कळत नाही. त्यासाठी मेमरीचा पत्ता पकडायचा आणि तो कुठल्या व्हेरिएबलचा आहे ते शोधून काढायचं.

उदाहरणाला रत्नागिरी ते वेंगुर्ला किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं मॉडेल घेऊ. ग्रिडच्या ८०० ओळी, प्रत्येक ओळीत १,००० चौकोन. प्रत्येक चौकोनाचं आठ डबलचं (८ बाइटच्या दशांश संख्यांचं), म्हणजे ६४ बाइटचं स्ट्रक्ट (एकत्र बांधलेले रकाने): आधी खोली, मग पाण्याची पातळी, मग प्रवाहाचे घटक वगैरे. सगळं मिळून ५ कोटी १२ लाख बाइट, एकाच मॅलॉकमध्ये, म्हणजे मेमरीच्या एकाच मागणीत.

लिनक्सवर, इंटेलच्या सीपीयूवर सरळ ‘परफ मेम रेकॉर्ड’ लावा; परफ हे लिनक्सचं मोजमापाचं साधन, ते मेमरी वाचनांचे नमुने टिपतं. प्रत्येक नमुन्यात कोडचा पत्ता, डेटाचा पत्ता, डेटा कुठून आला (कुठल्या कॅशमधून की रॅममधून) आणि किती सायकल लागल्या, हे सगळं मिळतं. एलडीलॅट ही मर्यादा, तिच्याहून जलद वाचनं टिपली जात नाहीत; ती मुळात ३० सायकल असते. फक्त रॅमपर्यंत जाणारी वाचनं हवी असतील तर ती वाढवा. एएमडीवर हेच काम सीपीयूतली आयबीएस ही नमुने घेणारी सोय करते. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर मात्र मेमरी इव्हेंट बहुतेक वेळा मिळतच नाहीत, तिथे डोकं आपटू नका. व्हॅलग्रिंड या तपासणी-संचातलं लॅकी हे साधन प्रत्येक वाचन-लेखन टिपतं, पण वेग इतका पडतो की छोट्या ग्रिडवरच वापरावं.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यात इकडे हटकून आडवी येते. लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला की सीपीयूची फ्रिक्वेन्सी उतरते. रॅमला लागणारे नॅनोसेकंद साधारण तेवढेच राहतात, पण सायकलींत मोजलेला आकडा कमी होतो. प्लगवरचं मोजमाप आणि बॅटरीवरचं मोजमाप शेजारी ठेवून काही सुधारणा झाली असं म्हणू नका.

आता मिळालेला पत्ता. गाव न सांगता नुसता गट नंबर दिला तर तलाठी काय शोधणार? तसंच इथे त्याच रनचा प्रॉसेस मॅप (मेमरीत काय कुठे आहे त्याची यादी) लागतो, कारण एएसएलआरमुळे (सुरक्षेसाठी जागा मुद्दाम बदलण्याच्या सोयीमुळे) दर वेळी जागा बदलते. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलचं काम सोपं: पत्त्यातून लोड बेस (प्रोग्राम मेमरीत जिथे सुरू होतो तो पत्ता) वजा करा आणि ‘एनएम’ या कमांडच्या यादीत कुठल्या सिम्बॉलच्या (नावाच्या) हद्दीत पडतो ते पाहा. बायनरी स्ट्रिप केलेली, म्हणजे नावं काढून टाकलेली असेल तर इथेच अडाल. अ‍ॅडर-टू-लाइन इथे कामाचं नाही, ते कोडच्या पत्त्यांसाठी आहे. फोरट्रानचा कॉमन ब्लॉक (सामाईक व्हेरिएबलांचा गठ्ठा) एकच सिम्बॉल म्हणून दिसतो; आतलं नाव डीबग माहितीतूनच निघतं.

खरी मेहनत हीपवर, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीवर. तिथे नावच नसतं, असते ती फक्त मागणी. एलडी-प्रीलोडने (आपली लायब्ररी आधी लोड करून) मेमरी मागणारी-सोडणारी फंक्शन, म्हणजे मॅलॉक, कॅलॉक, रिअ‍ॅलॉक, फ्री आणि अलाइन्ड-अ‍ॅलॉक अडवा. पत्ता, आकार, वेळ आणि कॉल स्टॅक लिहून ठेवा. इथे दोन खड्डे आहेत. मूळ फंक्शन शोधून देणारं डीएलसिम स्वतः कॅलॉक मागू शकतं, त्यामुळे रॅपर (आपलं अडवणारं फंक्शन) स्वतःलाच बोलावत बसतो. सुरुवातीच्या मागण्यांना एक छोटा स्टॅटिक बफर द्या. दुसरा खड्डा जास्त फसवा: फ्री झालेला पत्ता पुन्हा दुसऱ्याला दिला जातो. वेळ जुळवली नाही तर दोष भलत्याच अ‍ॅरेवर जातो. म्हणून परफला ‘-के मोनो’ द्या आणि रॅपरमध्येही तेच मोनोटॉनिक घड्याळ वापरा.

समजा एका नमुन्याचा पत्ता ग्रिडच्या सुरुवातीपासून ३,६५,१४,३७६ बाइट पुढे आहे. ६४ ने भागा: ५,७०,५३७ वा चौकोन, बाकी ८. शून्यापासून मोजलं तर ओळ ५७०, स्तंभ ५३७. आणि बाकी ८ म्हणजे पाण्याची पातळी. (स्ट्रक्टची मांडणी ‘पाहोल’ या साधनाने तपासा, वेगवेगळ्या आकाराचे रकाने असतील तर कंपायलर मधेमधे पोकळी सोडू शकतो.) लागोपाठच्या नमुन्यांमधला फरक बराच वेळ ६४,००० च्या पटीत येत असेल, तर लूप उभा चाललाय: दर पावलाला एक अख्खी ओळ ओलांडतो, मेमरीचं ४,०९६ बाइटचं पान दर वेळी बदलतं, आणि टीएलबीही (पानांचे पत्ते लक्षात ठेवणारी छोटी कॅश) चुकतो.

सुरुवातीचा पत्ताही बघा. एवढी मोठी मागणी जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) एमएमॅपने, म्हणजे थेट कर्नलकडून पानं घेऊन भागवतं, त्यामुळे पत्ता सोळाच्या पायात ०१० वर संपतो, म्हणजे पानाच्या सुरुवातीपासून १६ बाइट पुढे. ६४ बाइटचा प्रत्येक चौकोन मग दोन कॅश लाइनमध्ये (कॅश एका वेळी आणते त्या ६४ बाइटच्या तुकड्यांत) वाटला जातो. अलाइन्ड-अ‍ॅलॉकला ६४ दिलं की हा प्रश्न मिटतो.

स्टॅकच्या (फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलांच्या जागेच्या) मागे फारसं लागू नका. तो बहुतेक एल-वन या सर्वांत जवळच्या कॅशमध्येच असतो, आणि कंपायलरला ओ-टू (वेगासाठीचा पर्याय) लावल्यावर अर्धी व्हेरिएबल रजिस्टरमध्ये जातात.

ओळींचा आणि स्तंभांचा अशा दोन्ही लूपची अदलाबदल केल्यावर पुन्हा मोजा. पाण्याची पातळीच यादीत वर राहिली तरी गडबडू नका. स्रोताच्या रकान्यात रॅमऐवजी एलएफबी (येणाऱ्या कॅश लाइनचा बफर) वाढलेलं दिसलं, तर लाइन आधीच वाटेत होती.