१६० ची ओळ आणि बँकेचं ‘फॉरमॅट चुकीचा’

‘फाइल नाकारली. फॉरमॅट चुकीचा.’ आमच्या बँकेच्या पोर्टलवर यापुढे काही सांगत नाहीत. कुठली ओळ अडली तो आकडा देतात, एवढीच मेहेरबानी. हेल्प डेस्कला फोन लावला की पलीकडून शांतपणे, “मॅडम, फॉरमॅट चेक करून घ्या.” अहो, तेच तर करतेय सकाळपासून!

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथला हिशेब आणि पगार माझ्याकडे. बँकेला पगाराची फाइल साध्या टेक्स्टमध्ये लागते. एका कामगाराची एक ओळ, प्रत्येक ओळ स्पेस धरून बरोबर १६० अक्षरांची, मध्ये स्वल्पविराम वगैरे काही नाही. नाव कुठं संपलं आणि रक्कम कुठं सुरू झाली हे फक्त जागेवरून ठरतं. नाव आखूड असलं की उरलेली जागा स्पेसने भरायची. ही पद्धत पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायच्या कार्डांच्या जमान्यातली. आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड १९२८ सालचं, आणि बँका अजून त्याच रांगेत उभ्या आहेत.

पोर्टलची नोंदणी, मालकांची सही, अधिकारपत्र हे सगळं विनातक्रार झालं. अडलं ते एका ओळीवर.

फाइल तयार होते सर्व्हरवर, आणि सर्व्हर म्हणजे काळा पडदा, माउस नाही. पगाराचं सॉफ्टवेअर देणाऱ्या वेंडरच्या पोरानं बजावलेलं की ती विंडोजवर आणून सेव्ह करू नका, ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा अक्षर चिकटू शकतं आणि सगळ्या ओळी १६१ च्या होतात. (हे लक्षात ठेवा. सगळ्याच ओळी एकने जास्त भरत असतील तर आधी हेच बघा.) म्हणून नुसतं बघण्यापुरती एक प्रत नोटपॅडमध्ये उघडली. वर्ड रॅप, म्हणजे लांब ओळ मोडून खाली दाखवायची सोय, चालू होतं. वर्ड रॅप ओळ मोडतो शब्दाच्या फटीत, म्हणजे ज्याचं नाव जसं तशी त्याची ओळ वेगळ्या जागी मोडणार. रकाने असे राहिलेच नाहीत. रॅप बंद केलं तर अडलेली ओळ वाकडी दिसत होती, पण किती वाकडी ते कळेना, कारण तिच्यातली काही अक्षरं भलत्याच फॉन्टची होती.

मग सर्व्हरवरच नॅनो हा एडिटर उघडला, आणि इथून माझी खरी कटकट सुरू झाली.

आमच्या सर्व्हरवरचा नॅनो जुना आहे. त्यात ओळ पडद्याबाहेर गेली की कडेला एक खूण दिसते. रक्कम बघायला कर्सर उजवीकडे नेला तर फक्त कर्सरची ओळ सरकते! बाकीच्या ओळी जागच्या जागी. म्हणजे या ओळीतली रक्कम वरच्या ओळीतल्या नावाखाली येऊन बसते. खालचा बाण दाबला की ही ओळ मुकाट जागेवर जाते आणि पुढची सरकते. दोन रकमा एकाखाली एक म्हणून कधी दिसतच नाहीत. आमच्या मागावर ताण्यातला एकच धागा असा सरकला असता तर जॉबरनं माग बंद केला असता. रकाने तपासायचे म्हणजे डोळ्याला वरून खाली जायला सरळ वाट हवी, आणि हा एडिटर दर ओळीला ती मोडतो. दुपारचा डबा तसाच राहिला, एवढी मी चिडले होते.

आल्ट आणि एस दाबून सॉफ्ट रॅप चालू केलं. तो अक्षरागणिक मोडतो, शब्दाच्या फटीत नाही, हे बरं. पण माझी खिडकी वेडीवाकडी ताणलेली, त्यामुळे मोडलेला तुकडा कुठंही येत होता.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. म्हणाला, “आत्या, विममध्ये उघड आणि सेट नोरॅप कर.” केलं. विम हा दुसरा एडिटर, नोरॅप म्हणजे रॅप बंद. त्यात सगळ्या ओळी एकदम सरकतात. हायसं वाटलं! फक्त कर्सर कडेला पोचला की पडदा अर्ध्या खिडकीएवढी उडी मारतो. साइडस्क्रोल ही सेटिंग १ केली की एकेक रकाना सरकतो. कलरकॉलम १६१ दिलं तर हद्दीवर उभी रंगीत पट्टी येते.

पट्टीशी ताडून बघितलं तर अडलेली ओळ आखूड! इतरांपेक्षा तीन घरं कमी. वाटलं, चूक सापडली. तीन स्पेस घालून सरळ करायला हात शिवशिवत होता. बरं झालं, आधी खालच्या कोपऱ्यातला आकडा बघितला. बाकीच्या ओळींच्या शेवटी तिथं नुसतं १६० येत होतं. या ओळीच्या शेवटी आलं १७४-१५७.

विम असे दोन आकडे दाखवतो तेव्हा पहिला बाइटचा, म्हणजे अक्षरं साठवायला लागणाऱ्या जागेचा असतो, दुसरा पडद्यावरच्या घरांचा. गावाच्या रकान्यात वेंडरच्या सॉफ्टवेअरनं मराठीत ‘सोलापूर’ टाकलं होतं. डोळ्याला सो-ला-पू-र अशी चार घरं. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या) हिशेबात काने-मात्रे धरून सात खुणा, म्हणून सॉफ्टवेअरच्या मते ओळ १६० ची आणि बरोबर. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटचं, पण यातली प्रत्येक खूण तीन बाइटची, म्हणजे २१. बँक मोजते बाइट. मी तीन स्पेस घातल्या असत्या तर ओळ दिसायला झकास आणि बँकेला १७७ ची झाली असती.

गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं, रकाना स्पेसने भरला, फाइल गेली. हेल्प डेस्कला मुद्दाम फोन करून कारण सांगितलं. “ओके मॅडम.” बस्स.

एक सांगायचं राहिलं. रॅपच वापरायचं असेल तर खिडकी बरोबर ८० अक्षरं रुंद करा. सर्व्हरला जोडणारा पुट्टी हा प्रोग्राम उघडताना ती तेवढीच असते, आपणच ती ताणतो. मग विममध्ये १६० ची ओळ नेमक्या दोन ओळींत बसते, आणि जास्तीची असेल तर तिसऱ्या ओळीत शेपूट लोंबतं. मराठी अक्षरांपुढे मात्र ही युक्ती चालत नाही.

इमॅक्स या आणखी एका एडिटरमध्ये सगळी खिडकी एकदम सरकते, पण २६ व्या आवृत्तीपासून फक्त चालू ओळ सरकवायचीही सोय दिलीय. लांब परिच्छेद लिहिणाऱ्यांना आवडत असेल. पगाराच्या फाइलला हात लावणाऱ्यानं ती बंदच ठेवावी.

वेंडरला कळवलंय, ‘पुढच्या अपडेटमध्ये करतो’ म्हणाला. तोवर अपलोडच्या आधी ग्रेप ही शोधायची कमांड लावून देवनागरी असलेल्या ओळी शोधते, आणि मगच पोर्टल उघडते.