देऊळ नसलेली दीपमाळ

मिडलबर्गहून निघालेली बस सपाट शेतांमधून जात होती आणि मनोरा केव्हाचा दिसत होता. विटांचा, चौकोनी, भक्कम, माथ्यावर लाल दिवाघर. आई खिडकीला टेकून म्हणाली, "अगं, हा तर चर्चचा मनोरा. मग चर्च कुठंय?"

चर्च नाहीच. हे नेदरलँड्सच्या झीलंडमधलं वेस्टकॅपेल. संत विलिब्रॉर्डच्या चर्चचा हा घंटेचा मनोरा पंधराव्या शतकातला. १८१८ साली त्याच्यावर जहाजांसाठी दिवा बसला. १८३१च्या आगीत चर्च गेलं, मनोरा राहिला. आईला आमच्या गावची दीपमाळ आठवली. "देऊळ पडलं तरी दीपमाळ लावायची सोडली नाही यांनी," ती म्हणाली. माझ्या डोक्यात ते वाक्य दिवसभर राहिलं.

जिना गोल, अरुंद. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, त्यामुळे पाय आपोआप तिथेच पडतो. आई दर वळणावर थांबायची, भिंतीला हात लावून. वर आलो आणि वाऱ्यानं ओढणी उडवलीच. एकीकडे लाल कौलांचं गाव, दुसरीकडे बांध आणि त्यापलीकडे समुद्र. बांधावर दुसरा छोटा, लोखंडी दीपस्तंभ आहे, १८७५चा. खालचा आणि वरचा असे दोन्ही दिवे एका रेषेत आले की वाळूच्या दांड्यांमधून वाट मिळते.

त्या बांधाकडे बघताना मात्र घसा दाटतो. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराची वाट मोकळी करायची, तर शेल्ट नदीच्या मुखावरच्या जर्मन तोफा गप्प करायला हव्या होत्या. म्हणून ३ ऑक्टोबर १९४४ला ब्रिटिश विमानांनी हा बांध फोडला, हे गाव ज्यावर होतं ते वाल्चेरेन बेट पाण्याखाली घालण्यासाठी. गावातली दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यांत पवनचक्कीच्या तळघरात आसऱ्याला गेलेली कुटुंबंही होती. मारणारे शत्रू नव्हते, सोडवायला आलेले होते. हे मला अजून पचत नाही. पुढे वर्षभर भरतीचं पाणी गावात येत-जात राहिलं. मनोरा तेव्हाही उभाच होता.

संध्याकाळी बांधावर बसलो. इथे जहाजं किनाऱ्याच्या इतकी जवळून जातात की इंजिनाची घरघर छातीत जाणवते. अंधारलं आणि मागे दिवा सुरू झाला, दर तीन सेकंदांनी एक झोत. आईनं चपला काढल्या आणि मनोऱ्याकडे वळून हात जोडले.