तुम्ही विचारलंत म्हणून: आलं तेच रीडिंग लिहायचं

पालक विचारतात, नवे सहकारी विचारतात, पास होऊन गेलेली मुलं तर हटकून विचारतात : सर, काँक्रीटच्या प्रॅक्टिकलमधल्या रीडिंगसाठी तुम्ही एवढे मागे का लागता? जर्नल परत का करता?

काँक्रीटचा 150 मिलिमीटरचा क्यूब, म्हणजे ठोकळा, वजन साधारण 8 किलो. 28 दिवस पाण्यात ठेवायचा आणि मशीनखाली फोडायचा. काँक्रीट एम 20 असेल, म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन ताकदीचं, तर 450 किलोन्यूटनपर्यंत तरी त्यानं तग धरायला हवा. असे तीन फोडून सरासरी काढतात. एखादा सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त ढळला, तर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तिघांचा अख्खा नमुनाच बाद. मुलांना हे पाठ असतं. म्हणून जर्नलमध्ये 460, 465, 470 येतात, मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलेले.

शिकवायला लागण्याआधी मी दीड वर्ष साइटवर होतो. क्यूब भरायची वेळ झाली की घमेल्यात वेगळा माल कालवायचे. सिमेंट जास्त, पाणी कमी. स्लॅबमध्ये पडायचा तो माल निराळाच. रजिस्टरवर सही माझी. 22 वर्षांचा होतो, गप्प बसलो. त्या इमारतीत आज माणसं राहतात. पावसाळ्यात अजून कधी कधी झोप लागत नाही.

म्हणून माझ्या लॅबमध्ये 310 आलं तर 310 लिहायचं. मार्क कापत नाही. उलट फुटलेला क्यूब हातात घेऊन आम्ही खाली बसतो. आत पोकळ्या आहेत का? ठासणी कमी पडली का? वाळू ओली असताना पाणी मापाप्रमाणे पूर्ण ओतलं का? वाळूतलं पाणी वजा करायचं असतं, हे पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही. स्वतःचा क्यूब 310 ला फुटला की राहतं.

दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, रात्री अकराला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. पहिलीच नोकरी. तिचे आकडे भाराचे नाहीत, ताकदीचे: दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन.

"सर, एम 25 आहे. सात दिवसांचे क्यूब 11 वर फुटले. कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, मॅडम, 17 लिहा, 28 दिवसांत भरून निघेल."

"तू काय लिहिलंस?"

"अजून काहीच नाही."

"अकरा लिही. आणि स्लॅबचं सेंट्रिंग कुणालाही काढू देऊ नकोस. बाकीचं सकाळी बघू."

सकाळी ती वाळूच्या ढिगाशी गेली. कितीतरी दिवस पाऊस पडत होता, ढिगावर ताडपत्री नव्हती आणि मिक्सरवाला नेहमीच्याच मापानं पाणी ओतत होता. पुढे स्लॅबमधून कोअर, म्हणजे कापलेले गोल नमुने, काढले, तेही कमी भरले, आणि स्लॅबचा तेवढा भाग तोडून पुन्हा ओतावा लागला. त्या दिवसांत ती रोज फोन करायची, कधी नुसतं रडायला. मी ऐकायचो.

रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो तिनं मला पाठवला होता. 11.2, 10.8, 12.1. खाली तिची सही. दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला, तिचं नाव झाकून, तो मी मुलांना दाखवतो.